वावर, बाजार आणि ताट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात शेतजमिनीचा वापर आणि अन्नसुरक्षा या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली आणि त्यांतली निम्मी तरी नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांमधून आहेत, म्हणून उत्तरेही शक्यतो इथल्याच मातीच्या आधाराने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तरे देणाऱ्याची उमेदीची वर्षे विदर्भातल्या वावरांत खड्डे खणून मातीचे थर मोजण्यात गेली. त्यामुळे अर्थशास्त्राचा प्रश्नही हिंडून-फिरून मातीकडेच येतो, हा दोष वाचकांनी चालवून घ्यावा.

प्रश्न : माझी तीन एकर भारी काळी जमीन उमरेड मार्गालगतच्या गावात आहे. दोन्ही धुऱ्यांना (बांधांना) लागून ले-आउट, म्हणजे घरांचे भूखंड, पडले आहेत. दलाल महिन्यातून दोनदा येतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि तो परत येणार नाही. ओळखीचे एक गुरुजी म्हणतात की जमीन विकणे म्हणजे देशाच्या अन्नावर पाय देणे. माझ्या तीन एकरांनी देशाचे खरोखर काय बिघडणार आहे? (एक शेतकरी, उमरेड मार्ग)

आपल्या तीन एकरांनी देशाचे काही बिघडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण शेतकऱ्याच्या मनात असा अपराधीपणा भरण्याची सवय मला पटत नाही. एकरी सात क्विंटल ज्वारी धरली तर आपल्या वावरात एकवीस क्विंटल होते, आणि रेशनच्या हिशेबाने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोजले तर त्यात पस्तीस माणसांचे वर्ष निघते. देशात सुमारे १४ कोटी हेक्टर जमीन पेरणीखाली आहे. त्या राशीत आपले वावर शोधूनही सापडणार नाही.

मात्र वावर किती आहे याइतकेच ते कोणत्या प्रतीचे आहे, यालाही महत्त्व असते, आणि गुरुजींच्या म्हणण्यात काही तथ्य असेल तर ते इथे आहे. जमिनीच्या क्षमतेचे शास्त्रात आठ वर्ग करतात. पहिले चार वर्ग कमी-अधिक काळजी घेऊन नांगराखाली ठेवण्याजोगे असतात. पुढचे चार कुरणाला, झाडोऱ्याला, वनाला सोडावेत असे असतात. आपल्या नागपुरातच १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, आणि कोणती जमीन कशाला योग्य हे नकाशावर मांडणे हेच त्या संस्थेचे मुख्य काम आहे. बेसाल्टचा खडक झिजून हातभर काळी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि मधल्या काळात धरून ठेवलेल्या ओलीवर विहिरीचे एक बादली पाणी न घेता हरभरा किंवा जवस काढून देते. गंमत अशी की हीच माती घराला सर्वांत वाईट. काळ्या जमिनीवर पाया घ्यायचा तर ती आधी उकरून टाकावी लागते आणि वरून मुरूम भरावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. दहा किलोमीटरवरच्या बरड टेकाडावर पीक धड येत नाही आणि घर मात्र शतकभर उभे राहते. तरीही ले-आउट काळ्या सपाटीवर पडतात, कारण तिथे रस्ता असतो, सपाटीकरणाचा खर्च नसतो आणि खातेदार थकलेला असतो.

जमिनीच्या वापरात होणारे बदल दोन जातींचे असतात, आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी (कपाशी) आली, पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आले, तर तो बदल एका हंगामात उलटवता येतो. काळ्या मातीवर मुरूम, गिट्टी आणि सिमेंट आले की तो बदल आपल्या नातवालाही उलटवता येत नाही. पहिल्या जातीचा बदल बाजार करतो आणि गरज पडली तर बाजारच तो फिरवतो. दुसऱ्या जातीच्या बदलाला मात्र बाजाराकडे उतारा नाही, म्हणून तिथेच समाजाने लक्ष घालायला हवे. आपल्या कायद्याला हे अगदीच कळले नाही असे नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १० अन्नसुरक्षेच्या रक्षणासाठीच आहे: अनेक पिके देणारी ओलिताची जमीन अगदी अपवादात्मक परिस्थितीखेरीज संपादित करू नये, आणि केल्यास तेवढीच पडीक पण लागवडयोग्य जमीन विकसित करावी किंवा जमिनीच्या किमतीइतकी रक्कम शेतीसाठी भरावी, असे ते सांगते. पण महामार्ग, रेल्वे, कालवे, वीजवाहिन्या अशा सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे, आणि आपणासारख्याने स्वखुशीने दलालामार्फत केलेल्या विक्रीला तर ते लागूच होत नाही. शहराच्या कडेची बहुतेक काळी जमीन या दुसऱ्या वाटेनेच जाते.

आता विकावे की नाही? ज्यांना ही जमीन शेतीखाली राहावी असे वाटते त्यांनी तिच्या राहण्याची किंमत मोजायला हवी, आणि आज कोणीही ती मोजत नाही. तोवर आपल्याला थांबा म्हणण्याचा अधिकार मला नाही, गुरुजींनाही नाही. एवढेच सुचवतो की दलालाशी बोलण्यापूर्वी आपल्या मौजाचा विकास आराखडा पाहावा आणि आपला खसरा क्रमांक शेती विभागात आहे की रहिवासी विभागात, हे स्वतः तपासावे. दलालाने सांगितलेला भाव आणि जमिनीचा खरा भाव यांत पुष्कळदा याच एका माहितीचे अंतर असते.

प्रश्न : भारत जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे, ऐंशी कोटींहून अधिक लोकांना मोफत धान्य मिळते, गोदामे भरलेली आहेत, आणि त्याच वेळी आपण खाद्यतेल आणि डाळी परदेशातून आणतो. मग आपण अन्नसुरक्षित आहोत की नाही? परीक्षेत याचे उत्तर काय लिहावे? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर)

परीक्षेत १९९६ च्या जागतिक अन्न परिषदेची व्याख्या लिहावी: सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्ष आणि ऐपतीच्या दृष्टीने मिळू शकणे. त्यात उपलब्धता, पोहोच, उपयोग आणि स्थैर्य अशी चार अंगे येतात. गुण तेवढ्यावर मिळतील. पत्रात आपण विचारले आहे ते मात्र याहून खोल आहे.

माणशी जमिनीपासून सुरुवात करू. जगात पिकांखालची जमीन सुमारे दीडशे कोटी हेक्टर आहे, म्हणजे माणशी जवळजवळ अर्धा एकर. भारतात ती माणशी पाव एकर भरते. पाव एकरात एका माणसाचे धान्य, डाळ, तेल, साखर, भाजी, कापूस आणि जनावराचा चारा हे सगळे बसवायचे आहे. आपण काय केले, तर त्यातला सर्वांत ओलिताचा, सर्वांत खात्रीचा तुकडा गहू आणि भाताला दिला, कारण खरेदीची हमी त्यांनाच होती. याला इतिहासही आहे. १९६५-६६ च्या लागोपाठच्या दुष्काळांत अमेरिकेतून जहाजे भरून गहू आणावा लागला आणि एकट्या १९६६ साली ही आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. त्या अपमानाची आठवण ज्या पिढीला होती तिने गोदाम भरणे हेच धोरण मानले, आणि ते तेव्हा चुकीचे नव्हते.

उरलेल्या कोरडवाहू तुकड्यावर तेलबिया आणि डाळी राहिल्या. आज आपण वर्षाला सुमारे दीड कोटी टन खाद्यतेल आयात करतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया आणि युक्रेनमधून. हे तेल घरचे सोयाबीन गाळून काढायचे ठरवले तर काय होईल, याचा हिशेब वहीत करून पाहा. आपल्याकडे सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी साधारण एक टन आणि त्यात तेल अठरा टक्के, म्हणजे हेक्टरी १८० किलो तेल. दीड कोटी टनांसाठी आठ कोटी हेक्टरांहून अधिक जमीन लागेल. देशाच्या पेरणीखालच्या जमिनीचा निम्म्याहून मोठा भाग! मोहरी घेतली तर आकडा तीन कोटी हेक्टरांच्या आसपास येतो, तोही अशक्यच. म्हणून तेल आयात करणे म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्याची जमीन आयात करणे आहे, आणि ती आयात पूर्ण थांबवू असे जो म्हणतो त्याने हा हिशेब केलेला नसतो. पामची बाग हेक्टरी तीन-चार टन तेल देते हे खरे, पण तिला पाणी आणि दमट हवा लागते. विदर्भाच्या मे महिन्यात ती बाग कशी जगेल याची कल्पना आपण नागपूरकरांनी करावी.

परावलंबन आहेच, तेव्हा ते कसे सांभाळायचे हा खरा प्रश्न. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली, त्याच वर्षी फेब्रुवारीपासून युक्रेनचे युद्ध सुरू होते, आणि दोन्हींची झळ नागपुरातल्या फोडणीला लागली. डाळींचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१५ साली तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली. सरकारने जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्याच हंगामात आपल्या शेतकऱ्यांनीही भाव पाहून भरभरून तूर पेरली. आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या रांगा लागल्या, कारण बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला होता. टंचाईच्या वर्षी घेतलेला आयातीचा निर्णय मुबलकतेच्या वर्षी माल घेऊन येतो, आणि त्याचा धक्का यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो.

राहिला पोषणाचा भाग. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले की धान्य असूनही ते विकत घेण्याची ताकद गेली की माणसे मरतात. आज रेशनने ती ताकद धान्यापुरती बरीचशी भरून काढली आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पोट भरते आणि रक्त भरत नाही, असे हे चित्र आहे. डाळ, तेल, भाजी, दूध ही त्या रक्ताची सामग्री, आणि नेमकी तीच हमीच्या बाहेर राहिली. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे लिहावे: भुकेविरुद्ध भारत बऱ्याच अंशी सुरक्षित आहे, कुपोषणाविरुद्ध नाही, आणि या फरकाचे एक मूळ ओलिताची जमीन कोणत्या पिकाला दिली यात आहे. परीक्षकाला ते आवडेल की नाही हे मी सांगू शकत नाही.

प्रश्न : सरकारने सोयाबीनचा हमीभाव जाहीर करायचा, आणि नागपूरच्या कळमना बाजारात अडत्याने त्याच्या खाली बोली लावून सांगायचे की शिकागोत मंदी आहे. शिकागोचा आणि आमच्या ढिगाचा संबंध काय? ही फसवणूक नाही का? (एक शेतकरी, काटोल)

ओलावा जास्त दाखवून वजनात किंवा भावात केलेली कपात ही फसवणूक असू शकते. शिकागोचे नाव मात्र अडत्याने खोटे घेतलेले नाही; सोयाबीनचा जागतिक भाव अमेरिकेतल्या त्या शहराच्या वायदेबाजारावरून ठरतो.

सोयाबीन हे आपल्याकडे कोणी दाण्याने खात नाही. कारखान्यात शंभर किलो दाण्यातून साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशीच्या आसपास किलो पेंड निघते. तेल आपल्या कढईत जाते आणि पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ती कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत. म्हणजे आपल्या ढिगाचा भाव दोन वेगळ्या वस्तूंच्या भावांची बेरीज आहे, आणि त्या दोन्ही वस्तूंचा भाव जगात ठरतो. तेलाच्या बाजूने आयात शुल्क आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि ३० मे २०२५ ला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले. पेंडीच्या बाजूने ब्राझील आहे, ज्याचा माल स्वस्त आहे. २०२१ साली सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलच्या आसपास पोहोचले होते. तेव्हा ऑगस्टमध्ये सरकारने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि आपल्याकडे काढणी सुरू होईपर्यंत भाव बराच उतरला. अलीकडे यात तिसरी बाजू आली आहे. मक्यापासून आणि तांदळापासून पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात स्वस्त मिळू लागला, आणि तेवढी पेंडीची मागणी कमी झाली. गाडीच्या टाकीत गेलेल्या मक्याने कळमन्यात आपल्या सोयाबीनचा भाव पाडावा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण हिशेब तसाच आहे. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजार त्याच्या बराच खाली राहिला, त्यामागे या तिन्ही गोष्टी होत्या.

ही जगाशी बांधणी नवीनही नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला, आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर इंग्रजांची नजर स्थिरावली. युद्ध संपल्यावर भाव कोसळला, पण तोवर चाके फिरली होती: १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत याच मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. कापसाने दुष्काळ आणला असे मी म्हणणार नाही, पाऊस हुकला होता. पण ज्वारीचे पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) ज्या घरात असते त्या घराला दुष्काळ एक वर्ष उशिरा गाठतो, आणि पेवाची जागा रोख पैशाने घेतली होती.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच चालते. २०१८ मध्ये अमेरिका आणि चीन यांच्या व्यापारी भांडणात चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. बीजिंगमधल्या एका निर्णयाने ब्राझीलच्या सेराडो या गवताळ पठारावर नांगर फिरण्याचे आमिष वाढले. आपल्या वावरात आणि त्या पठारात फरक एवढाच की ब्राझीलचा मोठा शेतकरी आपला भाव आगाऊ बांधून घेऊ शकतो. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले गेले आणि ते परत सुरू झाले नाहीत. सट्टेबाजी वाईट असते हे मान्य; पण जगाचा भाव सोसायचा आणि तो बांधून घेण्याची सोय मात्र असू नये, हा न्याय माझ्या समजुतीबाहेरचा आहे.

आपण विचारले नाही तरी सुचवतो: सगळ्या वावरात एकच पीक घेण्यापेक्षा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवाव्यात. काटोलकडचे जुने लोक ते करत होते, आणि त्यामागे अर्थशास्त्रच होते.

प्रश्न : तांदूळ, गहू, कांदा महागला की सरकार निर्यात बंद करते. गृहिणी म्हणून मला बरे वाटते. पण माझे माहेर भिवापूरचे, शेतकऱ्याचे, भाऊ चिडतो. दोघांपैकी बरोबर कोण? (एक वाचक भगिनी, महाल, नागपूर)

ताई, भाऊ जास्त बरोबर आहेत, पण पूर्ण नाहीत. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली, २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, आणि तांदळाची बंदी २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे, त्यामुळे आपण दार लावले की पश्चिम आफ्रिकेतल्या गरीब घरात भात महागतो. आपल्या घरातली सुरक्षा दुसऱ्याच्या घरातली असुरक्षा होते. २००७-०८ मध्येही हेच झाले होते: भारत, व्हिएतनाम अशा देशांनी एकामागून एक दारे लावली, आणि पीक विशेष घटलेले नसतानाही जागतिक भाव काही महिन्यांत तिपटीच्या जवळ गेला.

दुष्काळाच्या किंवा युद्धाच्या वर्षी सरकारने काहीच करू नये असे मी म्हणत नाही. पण एका रात्रीतली बंदी म्हणजे स्वस्ताईचा खर्च फक्त पिकवणाऱ्याच्या खिशातून काढणे होय. स्वस्त धान्य हवे असेल तर ते गोदामातून विकावे आणि तोटा सरकारी तिजोरीने सोसावा, म्हणजे आपण सगळे तो कररूपाने वाटून घेऊ. जागतिक व्यापार संघटनेत या सरकारी धान्यसाठ्यावरूनच भारताचा वाद चालू आहे. हमीभावाने केलेल्या खरेदीतल्या अनुदानावर पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि ते अनुदान १९८६-८८ च्या किमतींच्या आधाराने मोजले जाते, जे हास्यास्पद आहे. २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या तात्पुरत्या सवलतीवर आपण अजून काम चालवतो आहोत.

प्रश्न : संत्र्याची जुनी बाग डिंक्याने (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने) खचली आहे. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून व्यापारी येत नाही. बाग तोडून मका लावावा का? इथेनॉलवाले घेतात म्हणे. (एक बागायतदार, नरखेड)

खचलेली झाडे काढावीत, निरोगी ठेवावीत. मका हंगामी आहे, तो पुढच्या वर्षीही लावता येईल. संत्र्याचे झाड मात्र फळावर यायला पाच-सहा वर्षे घेते. इथेनॉलची मागणी सरकारी धोरणाने उभी केली आहे आणि धोरण किती लवकर वळते हे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा दिसले. शिवाय जो देश काल-परवापर्यंत मका निर्यात करत होता तो २०२४ मध्ये आयात करू लागला, त्यामुळे कोंबडीखाद्यवाल्यांचा दबावही सरकारवर आहे. एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर संपूर्ण बागाईत उभी करण्याची चूक एकदा झाली. एकाच कारखान्याच्या दारावर ती पुन्हा करू नये.

प्रश्न : पेंच धरणाचे पाणी नागपूरला जाते आणि आमच्या धानाला पाणी कमी पडते. शहराने शेतीचे पाणी घ्यावे का? (एक शिक्षक, रामटेक)

पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क असतो, त्यावर वाद नको. जुलै २०१९ मध्ये शहरालाही एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले होते, हे लक्षात असू द्यावे. वाद असावा तो शहर वापरलेल्या पाण्याचे काय करते यावर. नागपुरातले सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, ही देशाने पाहण्याजोगी गोष्ट आहे. त्यातून वाचलेले पेंचचे पाणी मोजून कालव्याला सोडले जाते का, हे आपण विचारत राहावे.

दुसरी बाजू अवघड आहे. जागतिक सरासरीने एक किलो तांदळामागे सुमारे अडीच हजार लिटर पाणी जाते, म्हणजे निर्यात होणाऱ्या प्रत्येक पोत्याबरोबर पाणीही बंदरातून बाहेर जाते. रामटेक-मौद्याच्या खोलगट, चिकण जमिनीत धान हे नैसर्गिक पीक आहे, तिथे मी त्याला हात लावू देणार नाही. पण कालवा मिळाला म्हणून उंचवट्यावरच्या मुरमाड जमिनीतही धान घेतले जाते, आणि तिथे पाणी तळात राहत नाही. धानाला पाणी कमी पडण्याचे एक कारण तिथेही शोधावे.

प्रश्न : श्रीमंत देश आफ्रिकेत जमिनी घेतात असे वाचले. उद्या आपल्याकडे तसे होईल का? (एक वाचक, हिंगणा)

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, त्यामुळे त्या रूपात नाही. आपण वाचले असेल ते बहुधा मादागास्करचे प्रकरण: २००८ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सने तिथे १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांसाठी घेण्याचा घाट घातला, लोक खवळले, आणि २००९ मध्ये सरकार पडून तो बेत मोडला. त्या कंपनीला जमीन मक्यासाठी आणि पामसाठी हवी होती. आपल्याकडे जमीन बाहेरचे घेत नाहीत, आपणच भूखंड म्हणून घेतो आणि दहा वर्षे तण माजू देतो. हिंगण्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवलेले आणि काहीही न पेरलेले किती वावर दिसते, ते एकदा मोजावे.

प्रश्न : आपण वारंवार जमिनीच्या वर्गाबद्दल लिहिता. माझी जमीन कोणत्या वर्गात बसते हे मला घरबसल्या कसे कळेल? (एक शेतकरी, कुही)

घरबसल्या कळणार नाही, वावरात जावे लागेल. मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, वावराच्या मध्यभागी कंबरेइतका खोल खड्डा घ्यावा. खोदताना मुरूम किंवा खडक किती हातांवर लागतो ते पाहावे. अर्ध्या मीटरच्या आत लागला तर जमीन हलकी, मीटरभर काळीच राहिली तर भारी. भेगा किती खोल गेल्या आहेत ते बाजूच्या भिंतीवर दिसते. तळाशी पांढरे खडे असतील तर चुनखडी आहे, तिथे संत्रा लावू नये. एक मूठ माती ओली करून तळहातावर वळावी. सापासारखी लांब वळी न तुटता झाली तर चिकणमाती भरपूर आहे. मग उताराकडे पाहावे, पाण्याने माती वाहून धुऱ्याला साचली आहे का ते पाहावे, आणि पावसाळ्यात पाणी किती दिवस तुंबते ते वडीलधाऱ्यांना विचारावे. या सगळ्याची नोंद आणि थराथरातली किलोभर माती घेऊन मृदा परीक्षण प्रयोगशाळेत जावे. वरच्या वीतभर मातीचाच नमुना नेण्याची पद्धत आहे. ती खतासाठी ठीक आहे, वर्ग ठरवायला पुरत नाही. खड्डा बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर जाईल एवढे पाहावे.